सुनेचा कोर्स आणि काकूचे गुडघे

माझी सून अंधेरीच्या एका हॉटेलात कोर्स करून आली. येताना कापडी पिशवी, पेन, पाण्याची बाटली आणि गुंडाळी केलेला एक मोठा रंगीत कागद घेऊन आली. पिशवीवर इंग्रजीत काहीतरी छापलं होतं. काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर म्हणाली, भावनिक बुद्धिमत्ता. हाताखालच्या माणसांच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं. ज्याला ते ओळखता येतं तोच चांगला पुढारी. मी म्हटलं, पुढाऱ्यांना ते चांगलंच येतं, म्हणून तर ते निवडणुकीच्या तोंडावर बरोबर दारात उभे राहतात. तिला ते आवडलं नाही.

आमचं चारकोपला पोळीभाजी केंद्र आहे. सेक्टरातल्या आमच्या घराची पुढची खोली आणि पत्रा टाकून झाकलेलं अंगण, एवढाच पसारा. सुरू मी केलं, वाढवलं सुनेनं. माझ्या वेळी त्याला केंद्र वगैरे नाव नव्हतं. मी पोळ्या लाटायचे आणि लोक डबा घेऊन दारात यायचे. सुनेनं फोनवर ऑर्डरी घेतल्या, बायका ठेवल्या, खोक्यांवर छाप मारून घेतला. गॅस, भाजी, गिऱ्हाइकांची कटकट, सगळं ती बघते. ती हुशार आहे हे मी चारचौघांत सांगते. पण हुशार माणसाला कोर्सला पाठवू नये. मठ्ठ माणूस कोर्स करतो, तिथलं जेवण जेवतो आणि घरी येऊन विसरतो. हुशार माणूस घरी येऊन ते सगळं करून बघतो.

तो कागद फ्रिजच्या बाजूला भिंतीवर लागला. त्यावर गोल गोल तोंडं होती. हसरं, रडकं, चिडलेलं, घाबरलेलं, दमलेलं. सकाळी कणकेला हात लावायच्या आधी सगळ्यांनी गोल करून बसायचं, एकेकीनं उठून कागदावरच्या आपल्या तोंडावर बोट ठेवायचं आणि आज कसं वाटतंय ते सांगायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही. सांगून झालं की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

पहिल्याच दिवशी आमची भाजी चिरणारी उठली, तिला आम्ही भाजीवालीच म्हणतो. हिचं तोंड सुरीपेक्षा जास्त चालतं. तिनं कागद वरपासून खालपर्यंत बघितला आणि विचारलं, "ताई, ॲसिडिटीचं तोंड कुठाय?"

पोळ्या लाटायला दोघी जावा आहेत. एकाच घरातून येतात, एकाच ओट्यावर लाटतात, एकाच रिक्षानं परत जातात. धाकटीनं चिडलेल्या तोंडावर बोट ठेवलं. सुनेनं प्रेमानं विचारलं, कशामुळे गं? धाकटी सांगत सुटली. घरी सकाळचं पाणी कोण भरतं, कोण अंथरुणात लोळतं, सासूला गोळ्या कोण देतं आणि नाव कुणाचं होतं. मग थोरलीनंही त्याच तोंडावर बोट ठेवलं. त्या दिवशी लाटणी अशी आपटत होती की शेजारचा माणूस सुतारकाम काढलंय का म्हणून बघायला आला.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला भूक लागलीय, हे भावनेत धरतात का? सून म्हणाली, धरतात. तेव्हापासून मी रोज भूकच सांगायला लागले आणि मला सगळ्यांच्या आधी चहा आणि खारी मिळायला लागली. त्यामुळे कोर्सचा काहीच फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही.

फक्त काकू उठली नाही. काकू म्हणजे आमची पुरणपोळीवाली. सगळ्या तिला काकू म्हणतात, म्हणून मीही इथे काकूच लिहिते, पण माझ्यापेक्षा बरीच लहान आहे, मी तिला अगंतुगंच करते. नगरकडची. हाडापेरानं मोठी, आवाज त्याहून मोठा. तिच्या पुरणपोळीला काठापर्यंत पुरण असतं आणि तवा सोडताना ती फाटत नाही. हे तिलाही माहीत आहे आणि ती ते कुणाला विसरू देत नाही. दुसरीची पोळी कडक झाली की म्हणणार, ही पोळी आहे की पत्र्याचं छप्पर? भाजीवालीची फरसबी जाड दिसली की म्हणणार, घरी बैल बांधलाय का गं? आणि त्याही सोडायच्या नाहीत. दिवसभर टोमणे चालायचे. बाहेरच्याला वाटावं, आता डोकी फुटणार. फुटली कधीच नाहीत. खरं सांगायचं तर त्या बायका वेळेवर यायच्या त्या पगाराइतक्याच या टोमण्यांसाठी यायच्या.

सुनेनं काकूला फार आग्रह केला तेव्हा काकू म्हणाली, "माझं तोंड माझ्या मानेवर आहे, तेवढं पुरे. भिंतीवर कशाला शोधू?"

होळीच्या आधी काही दिवस काकूनं सुनेला बाजूला घेऊन लवकर जायची परवानगी मागितली. कारण विचारलं तेव्हा हळू आवाजात सांगितलं, की लग्न करून दिलेली मुलगी सासर सोडून घरी आलीय, आणि आता परत जाणार नाही. पुढचं काय ते बघायचंय. सुनेचे डोळे भरून आले. ती मनानं खरंच चांगली आहे, ही अडचण आहे. दुष्ट असती तर गप्प बसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल बसला आणि सून उभी राहिली. म्हणाली, आपल्या काकूंवर कठीण वेळ आलीय. त्यांची मुलगी घरी परत आलीय. त्या बोलत नाहीत, पण त्यांच्या मनात काय चाललं असेल ते आपण समजून घ्यायला हवं. काकू, आम्ही सगळ्या तुमच्या पाठीशी आहोत. आणि तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बायकांनीही वाजवल्या. धाकट्या जावेनं तर डोळे पुसले. मी वाजवल्या नाहीत, पण ते शहाणपण नव्हतं. माझ्या हातात खारी होती.

 काकू उठली, डाळ शिजायला लावली. त्या दिवशी पुरण नेहमीसारखंच झालं. बिघडल्या बाकीच्या.

एका दिवसात सगळ्या गोड झाल्या. काकू आली की भाजीवाली पंख्याखालचं स्टूल सरकवायची. थोरली जाऊ म्हणायची, तुम्ही बसा, परात मी घासते. काकू थांबून बघायची, कुणी काही बोलतंय का. मग ती मुद्दाम टाकायची, "अगं ही पोळी आहे की पत्रा?" आणि धाकटी मान खाली घालून म्हणायची, "हो काकू, चुकलं माझं." मग तिच्या पाठीमागे एकमेकींना खूण, की जाऊ दे, बिचारीच्या डोक्याला ताप आहे. ज्या बाईच्या एका टोमण्यानं अख्खं अंगण जागं व्हायचं, तिचा टोमणा आता तिच्या दुखण्याचं लक्षण म्हणून मोजला जात होता. मी खुर्चीत बसून बघत होते. मला कुणी असं 'बिचारी' करून ठेवलं तर मी एक तर घर सोडीन, नाही तर त्यांना सोडायला लावीन.

काकूनं पहिला मार्ग धरला. तिचे गुडघे दुखायला लागले. फोनवर सांगितलं, डॉक्टरनं जिने चढू नको म्हटलंय. आमच्या केंद्राला एकही जिना नाही.

आणि होळी तोंडावर आली होती. वर्षभर पोळीभाजी कोणीही देतं. सणाच्या पुरणपोळीवर केंद्राची अब्रू असते. त्या वर्षी सुनेनं जवळच्या एका मोठ्या टॉवरची ऑर्डर पहिल्यांदाच पूर्ण अंगावर घेतली होती. तिथल्या बायकांनी मागच्या होळीला काकूच्या पोळ्या चाखल्या होत्या आणि त्यांना तशाच हव्या होत्या. पोळ्या फाटक्या गेल्या असत्या तर टॉवर गेला असता. शिवाय काकू गेल्याचं बघून जावाही कुजबुजायला लागल्या होत्या. गोरेगावला कुणीतरी नवं केंद्र काढतंय, तिथं बायका हव्यात म्हणे. सुनेचं जेवणावरचं लक्ष उडालं. बारा ठिकाणी फोन लावून पुरणपोळीवाली शोधत होती. एक मिळाली, तिनं नमुना आणला. त्या पोळीत पुरण शोधायला चष्मा लागला असता.

काकूला परत आणायला सुनेनं जे केलं ते तिच्या कोर्सप्रमाणे बरोबरच असेल. हात जोडलेल्या चित्रांसकट फोनवर लांबलचक माफी लिहून पाठवली. काकूनं ती वाचली आणि उत्तर दिलं नाही. मग सफरचंदं घेऊन तिच्या घरी गेली आणि विचारलं, काकू, तुम्हाला कसं वाटतंय? काकू म्हणाली, बरं वाटतंय. चहा दिला. गुडघ्याला लावायचं तेल दाखवलं. सून सफरचंदं ठेवून परत आली.

"आई," ती मला म्हणाली, "मी वाईट काय केलं ते तरी सांगा. मी तिची बाजूच घेतली ना?"

"तू तिला गरीब केलंस," मी म्हटलं. "घरात काय घडलंय त्याची तिला लाज नाही. इथे येऊन ती राणी असायची. तू तिला सगळ्यांच्या मध्ये उभं केलंस आणि वाडग्यात दया घातलीस. आता सफरचंदं घेऊन गेलीस, म्हणजे पेशंटही केलंस."

 मग सून म्हणाली, मी सगळ्या बायकांना समजावून सांगते, की काकूंना दया दाखवू नका. मी म्हटलं, हो, आणि त्यावर परत टाळ्या वाजवा. तिनं त्याच संध्याकाळी तो कागद भिंतीवरून काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही आला. तिथं तिनं कॅलेंडर लावलं.

मग मी माझी अक्कल लढवली. आपल्यात रीत आहे, शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. डब्यातून काही आलं तर चिमूटभर साखर तरी घालून तो परत द्यायचा. हट्टी माणूस फोन उचलणार नाही, दार उघडणार नाही, पण दुसऱ्याचा डबा घरात फार दिवस ठेवून घेणार नाही. मी स्वतः पुरणपोळ्या केल्या. मुद्दाम वाईट करायचं ठरवलं होतं, पण फार कष्ट पडले नाहीत, हात आता थरथरतो. एक फाटली, एक करपली, एकीचं पुरण तव्यावरच बाहेर येऊन बसलं. त्या डब्यात नीट रचून, वर तूप सोडून, भाजीवालीच्या हातून पाठवल्या. निरोप दिला, की आजींनी सांगितलंय, होळीला टॉवरमध्ये अशाच जाणार आहेत, चव सांग.

मला वाटलं, तासाभरात लाटणं घेऊन येईल. आली नाही. डबा मात्र दुसऱ्या दिवशी आला. तो घेऊन तिची मुलगी आली. तीच, जिच्यासाठी आमच्याकडे डोळे पुसले होते. केस वर बांधलेले, गळ्यात कामाच्या जागेचं ओळखपत्र, तोंडात च्युइंग गम. बिचारी वगैरे काही दिसत नव्हती. डब्यात पुरण होतं, जायफळाचा वास दारापासून येत होता.

"आईनं निरोप दिलाय," ती म्हणाली, "आजींना म्हणावं, या वयात गॅस वाया घालवू नका."

मी म्हटलं, एवढंच? ती हसली. म्हणाली, बाकीचं सांगण्यासारखं नाही. मग तिनं खुर्ची ओढली आणि माझ्याकडे तक्रार सुरू केली. आई घरी बसून वेड लावतेय. मी ऑफिसातून आले की मला लाटायला बसवते. माझी पोळी बघून म्हणते, तुला सासरी कोणत्या तोंडानं दिली मी? आजी, मी नवऱ्याला सोडून आले ते शांतता मिळावी म्हणून. तुम्ही तिला घेऊन जा.

सून आतून ऐकत होती, बाहेर आली. म्हणाली, मी सांगून बघितलं गं, ती येतच नाही. मुलगी म्हणाली, कशी येईल? ती म्हणते, तिकडे सगळ्या माझ्याकडे मयताला आल्यासारख्या बघतात. परत गेले तर पुन्हा स्टूल पुढे करतील. कामाला जाऊ की तेराव्याला?

मुलगी गेली. माझा डबा भरून आला होता, बाई आली नव्हती. माझी युक्ती तिथंच संपली. मी पुरण खाल्लं.

सुनेनं ओटा पुसून घेतला. मग तिनं चपला घातल्या आणि म्हणाली, मी जाऊन येते. मी विचारलं, आता काय नेतेस, डाळिंबं? ती म्हणाली, काही नाही. चला, यायचं तर. मी गेले. असली मजा घरी बसून कळत नाही.

काकूचं घर पलीकडच्याच सेक्टरात. काकूनं दार उघडलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, बसा. सून बसली नाही. चपलाही काढल्या नाहीत.

"बसायला वेळ नाही, काकू. एक सांगायचं राहून गेलं होतं. मागच्या होळीला टॉवरमधल्या एकीनं तक्रार केली होती. पुरण फार गोड झालं म्हणाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही. यंदा ऑर्डर मोठी आहे, गूळ कमी करायला पाहिजे. तुम्हाला जमत असेल तर सांगा, नाही तर मी दुसरी बाई बघितलीय."

काकूचा हात गुडघ्यावरून कमरेवर गेला.

"कोण म्हणाली?"

"नाव कशाला?"

"नाव कशाला म्हणजे? वर्षभर तू हे पोटात ठेवलंस? आणि मला सांगतेस आज?"

"आज सांगतेय ना."

"माझं पुरण गोड? तिच्या जिभेला काय झालं होतं?"

"ते तिला विचारा. मला गूळ कमी हवाय." आणि सून वळून जिना नसलेल्या त्या घरातून बाहेर पडलीसुद्धा. मला तिच्या मागे पळावं लागलं.

रस्त्यात मी विचारलं, हे आत्ता रचलंस ना? ती म्हणाली, नाही हो, खरंच आली होती तक्रार. मी लपवून ठेवली होती.  घरी येईपर्यंत ती तीनदा म्हणाली, आई, ती आता कधीच येणार नाही.  माहीत नसताना धीर देणारी माणसं मला आवडत नाहीत. पण मनात म्हटलं, हे मला सुचलं नसतं. मला माणसाला डिवचता येतं. हिनं तिच्या कामातली चूक तिच्या तोंडावर सांगितली, ज्या बाईला सगळ्यांनी कापसात गुंडाळलं होतं तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याच्या पाठोपाठ काकू आली. पायरी चढताना गुडघ्याची आठवण राहिली नाही. आल्या आल्या गुळाची ढेप उचलून उजेडात बघितली आणि म्हणाली, हा गूळ कुणी आणला, चिखल आहे नुसता. भाजीवालीनं सवयीनं पंख्याखालचं स्टूल उचललं. मी माझी काठी त्या स्टुलावर ठेवली. ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला विचारलं, मागच्या होळीला पुरण कसं झालं होतं गं? तू खाल्लं होतंस ना?

 भाजीवालीनं एकदा सुनेकडे बघितलं, एकदा काकूकडे. पण ज्या बाईनं पहिल्या दिवशी ॲसिडिटीचं तोंड मागितलं, ती किती वेळ दम धरणार?

"आता विचारताय म्हणून सांगते," ती म्हणाली, "गोडच होतं. माझ्या सासऱ्यांची शुगर वाढली."

"तुझ्या सासऱ्यांनी किती हाणल्या ते सांग आधी," काकू म्हणाली. "आणि ती फरसबी बघ. बैल अजून विकला नाहीस का?"

"विकला असता, पण तुमचं पुरण खायला कुणीतरी पाहिजे ना घरात."

दोन्ही जावांची लाटणी थांबली. धाकटी फस्सकन हसली आणि मग सगळ्याच. काकू हसली नाही, तिनं पातेलं ओढलं आणि डाळ धुवायला घेतली. गुळावरून तिचं आणि सुनेचं होळीपर्यंत रोज वाजलं. सून म्हणायची कमी, काकू म्हणायची तुझं लग्न झालं तेव्हापासून मी पुरण करतेय. सून म्हणायची, म्हणूनच सांगतेय. शेवटी काकूनं गूळ कमी केला, पण किती ते कुणाला बघू दिलं नाही. गूळ घालायच्या वेळी पाठ करून उभी राहायची.

होळीच्या दिवशी दुपारपर्यंत सगळी खोकी टॉवरवर गेली. फाटकी पोळी एकही नव्हती. संध्याकाळी कळलं, की मागच्या वर्षीच्याच बाईनं या वेळी पुरण अगोड वाटलं म्हणून सांगितलंय. सुनेनं हे काकूला लगेच सांगितलं, सगळ्यांसमोर. काकूनं त्या बाईच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार केला आणि तिचा मूड एकदम छान झाला.

निघताना पिशवी खांद्याला लावत ती सुनेला म्हणाली, "परवा मला उशीर होईल. मुलीला घेऊन वकिलाकडे जायचंय."

हे ती मुद्दाम हळू बोलली नाही. सगळ्यांनी ऐकलं. सुनेचं तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्यावर तो कळवळा यायला लागला होता, मला दिसत होतं. मग तिनं तोंड मिटलं आणि विचारलं, "उशीर म्हणजे किती? डाळ कोण लावेल?"

"भाजीवाली लावेल. तेवढंच काहीतरी शिकेल."

"मी का म्हणून?" भाजीवाली म्हणाली. "मला वकिलाकडे न्या, मी भांडेन. डाळ तुम्ही लावा."

काकू दारातून वळली. "बरी आहे कल्पना," ती म्हणाली. "आधी ती फरसबी बारीक चिरायला शीक, मग नेते." आणि गेली.